लिएन वेव्हरला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून टाइल्स बसवायची कामं घेतो, हिशेब वहिनी बघते, आणि तिच्यासाठी मी लिएन वेव्हरवर (कामाच्या बाकीपोटी मिळकतीवर असलेला हक्क, म्हणजे लिएन, सोडल्याचा सही करून द्यायचा कागद) मराठीत एक टिपण लिहितोय. कोशात लिएनला 'धारणाधिकार' सापडलं, तर ती म्हणाली अहो भावजी, आम्ही काय धरून ठेवलंय, टाइल्स तर केव्हाच त्यांच्या बाथरूममध्ये चिकटल्या!

प्रतिसाद: वहिनींचं बरोबर आहे. धारणाधिकार म्हणजे ताब्यातली वस्तू मजुरी मिळेपर्यंत न देणं, आपल्या १८७२च्या करार कायद्यात जवाहिऱ्याकडे पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं उदाहरण आहे ते हेच. तुमचं लिएन म्हणजे बांधकामातलं मेकॅनिक्स लिएन, त्यात घर मालकाच्याच ताब्यात राहतं, फक्त कामाची बाकी त्या मिळकतीवर चढते, सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचं कर्ज दिसतं ना तसं. मी सरळ 'बोजा' म्हणेन. (आणि मेकॅनिक म्हणजे इथे गॅरेजवाला नाही हं, कारागीर. वॉशिंग्टन शहर उभं करायचं होतं तेव्हा १७९१ साली मेरीलँडने हा कायदा आणला.)

प्रतिसाद: मग वेव्हर म्हणजे हक्कसोडपत्र, झालं की.

प्रतिसाद: नाही ना, तिथेच घोळ आहे. हक्कसोडपत्र म्हटलं की बहिणींनी भावासाठी केलेली सही आठवते, दमडी न मिळता हक्क गेला. कॅलिफोर्नियात चार ठरलेले फॉर्म आहेत, सिव्हिल कोड ८१३२, ८१३४, ८१३६ आणि ८१३८, त्यातले दोन चालू बिलाचे आणि दोन शेवटच्या बिलाचे, आणि प्रत्येक जोडीत एक कंडिशनल, एक अनकंडिशनल. कंडिशनलवर सही केली तरी पैसे प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत बोजा हलत नाही. अनकंडिशनलवर मात्र छापलेलंच असतं की पैसे मिळाले नसले तरी ही सही तुमच्यावर बंधनकारक आहे, नसतील मिळाले तर कंडिशनल फॉर्म वापरा. आता या दोघांना एकच मराठी शब्द दिला तर वहिनी नेमकी चुकीच्या कागदावर सही करेल.

प्रतिसाद: जुना शब्द आहे की, फारखती! रक्कम पोचली, दावा मिटला असं लिहून द्यायचे ती.

प्रतिसाद: शब्द झकास आहे पण आज कुणीही फारकत वाचेल आणि काडीमोड समजेल 😄

प्रतिसाद: टिपणात राज्याचं नाव टाकाच, कारण टेक्सासचेही स्वतःचे फॉर्म आहेत, तिथे आधी नोटरी लागायची, १ जानेवारी २०२२ पासूनच्या मूळ करारांना ती अट नाही. जॉर्जियात तर सही करून ९० दिवसांत पैसे न मिळाल्याचं अॅफिडेव्हिट नोंदवलं नाही तर बोजापुरते पैसे मिळालेच असं धरतात. म्हणजे तिथे गप्प बसणं हीच पावती.

मूळ प्रश्नकर्ता: बापरे. मग मी असं लिहितो, कंडिशनल म्हणजे 'चेक वटल्यावर बोजामुक्ती' आणि अनकंडिशनल म्हणजे 'बिनशर्त बोजामुक्ती', कंसात 'पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही नाही'. वहिनीला वाचून दाखवलं तर म्हणाली, कंसातलं आधी लिहा.