गाभण डुकरिणीला लसूण घास: कुट्टी का पीठ?

मोहोळकर: नमस्कार मंडळी. माझ्याकडं यॉर्कशायर जातीच्या ९ डुकरिणी आहेत, त्यातल्या ५ गाभण. मका न् सोयापेंडीचे भाव बघून जोडीला लसूण घास (हिरवा चारा) चालू केला, पण कुट्टीचे, म्हणजे बारीक कापलेल्या घासाचे, तुकडे जसेच्या तसे शेणात दिसायलेत. वाळवून चक्कीतनं पीठ केलं तर जास्त पचंल का? शेजारी म्हणतोय कडबा पण दळून घाल, घरचाच आहे.

बार्शीवाला: बारीक केल्यानं पचतं हे खरंय. डुकराला गायीसारखं रवंथ नाही ना, एकदा चावून गिळलं की विषय संपला, मग पुढं मोठ्या आतड्यातले जंतू काय आंबवतील तेवढंच, आणि कण जेवढा बारीक तेवढं त्यांना सोपं. पण मैदा करू नका भाऊ. मी भरडा (दळलेलं धान्य) न् घास दोन्ही एकदम बारीक जाळीतनं काढायचो, एक मादी खायचीच बंद झाली, शेण डांबरासारखं काळं. डॉक्टर म्हणले पोटात अल्सर. आता जाड रव्याएवढं ठेवतो.

पशुवैद्य दादा: चक्कीच्या आधी कापणी बघा. फुलावर आलेल्या घासाची काडी टणक होते, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडासारखा भाग, कितीबी दळा, पचत नाही. कळी धरायच्या टायमालाच कापा, सावलीत वाळवा, पानं झडू देऊ नका, प्रोटीन पानातच असतंय. कडब्याचं तेच, पोट भरल्यासारखं वाटायला अन् बद्धकोष्ठाला मूठभर ठीक, ताकद मिळंल ही आशा सोडा. घास २-३ आठवड्यांत हळूहळू वाढवा, आतड्याला सवय लागायला वेळ लागतो. आणि गाभणपणाच्या ११४ दिवसांतला शेवटचा महिना पिल्लं झपाट्यानं वाढतात, तेव्हा घास आहे म्हणून भरडा तोडू नका.

करमाळ्याची ताई: आम्ही मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा) घालतो, मऊ असतो, आवडीनं खातात. फक्त बुरशी आलेला थर सरळ उकिरड्यावर, त्या विषानं माज न् गाभ दोन्हीचा घोळ होतो. आणि चारा आतड्यात आंबताना अंगात उष्णता होते, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी घालूच नका दादा, पहाटे न् सांजेला घाला, पाणी भरपूर.

मोहोळकर: आत्ता शेण बादलीत धुवून चाळणीत गाळलं. पान एक नाही, सगळ्या काड्या! घास दीड महिन्याचा झालाय, गुडघ्याच्या वर, निळी फुलं डोलायलेत. उद्या आधी विळा लावतो, चक्कीवाल्याला नको म्हणून फोन केला.