मदत हवी आहे: चेहऱ्याचे क्रीम दुसऱ्या दिवशी पातळ होते आणि तळाशी पाणी सोडते

मृण्मयी_बडोदे:
नमस्कार. मी बडोद्यात राहते आणि चेहऱ्याचे क्रीम घरीच करते. वर्षभर ज्या कृतीने क्रीम उत्तम होत होते, त्याच कृतीने केलेले क्रीम आता दुसऱ्या दिवशी सकाळी पळीवाढे होते आणि आणखी दोनतीन दिवसांत बरणीच्या तळाशी पाणी दिसू लागते. करताना काहीही बिघडलेले जाणवत नाही. गार झाल्यावर ते पांढरेशुभ्र, तकतकीत आणि चमचा उलटा केला तरी न पडण्याइतके घट्ट असते. इमल्सिफायिंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरणारे मेण) थोडे वाढवून पाहिले, त्याने काही फरक पडला नाही. घरच्या कार्यात पाहुण्यांना द्यायच्या बरण्या लवकरच भरायच्या आहेत, म्हणून नेमका उपाय सांगावा. ‘विकतचे वापरा’ हा सल्ला कृपया देऊ नये.

रावपुरेकर:
उन्हाळा हेच कारण आहे. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद स्वयंपाकघरात त्याहूनही जास्त उकडते. शिया बटर साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळू लागते, त्यामुळे क्रीम सैल पडणारच. बरणी फ्रीजमध्ये ठेवा.

मृण्मयी_बडोदे:
मागच्या उन्हाळ्यात याच स्वयंपाकघरात हेच क्रीम व्यवस्थित टिकले होते. शिवाय एक बरणी फ्रीजमध्ये ठेवून पाहिली, तीही पातळ झाली.

जुना_लॅबवाला:
मृण्मयीताई, प्रमाणे कळल्याशिवाय कोणीही नेमके सांगू शकणार नाही. प्रत्येक घटक वजनाच्या टक्क्यांत लिहा, चमच्यांत नको. पाणी कुठले वापरता, दोन्ही भाग किती तापवता, ढवळता कशाने आणि शेवटी पीएच (आम्लतेचा आकडा) किती येतो, हेही लिहा. त्याचबरोबर सुटलेले पाणी हलवल्यावर पुन्हा मिसळते का, हे सांगा. मिसळत असेल तर तेलाचे थेंब अजून शाबूत आहेत आणि ते फक्त वर चढले आहेत. वर सुटे तेल तरंगत असेल, तर मात्र इमल्शन (तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण) खरोखर फुटले आहे. या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

इंदुरी_मावशी:
एवढ्या रसायनांची गरजच काय? आमच्याकडे इंदुरात मी अनेक वर्षे मधमाश्यांचे मेण, बदामाचे तेल, गुलाबपाणी आणि किंचित टाकणखार एवढ्यावर कोल्ड क्रीम करते आणि ते कधीही फाटत नाही. मेणातील आम्लाचा टाकणखाराशी साबण होतो आणि तोच तेल व पाणी एकत्र धरून ठेवतो. मेण घ्या आणि निश्चिंत व्हा.

जुना_लॅबवाला:
मावशी, कोल्ड क्रीमचे रसायन आपण अचूक सांगितलेत, पण तो जड आणि तेलकट प्रकार आहे. मृण्मयीताईंचे क्रीम पाण्यात तेल या पद्धतीचे आणि हलके दिसते. शिवाय चेहऱ्याला रोज लावायच्या वस्तूत टाकणखार घालण्याच्या मी विरोधात आहे. त्यातील बोरॉनमुळे अनेक देशांत त्यावर मर्यादा आहेत.

इंदुरी_मावशी:
माझ्या घरात सगळ्यांची त्वचा ठणठणीत आहे, एवढेच नमूद करते.

मृण्मयी_बडोदे:
प्रमाणे अशी आहेत. बदाम तेल १५, शिया बटर ३, इमल्सिफायिंग वॅक्स ३, ग्लिसरिन ४, कार्बोमर (पाणी दाट करणारी पावडर) ०.३, सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट ही परिरक्षके मिळून ०.८, बाकी पाणी. दोन्ही भाग ७५ अंशांपर्यंत तापवते, हँड ब्लेंडरने एकजीव करते आणि शेवटी पट्टीवर पीएच ६.५ ते ७ दिसेपर्यंत टीईए (ट्रायइथेनॉलअमाइन, आम्लता कमी करून कार्बोमर फुलवणारे द्रव्य) थेंबाथेंबाने घालते. पाणी बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड. हलवल्यावर सगळे पुन्हा मिसळते, सुटे तेल दिसत नाही. वॅक्स आणखी किती वाढवू, एवढेच सांगा.

ग्वाल्हेरची_उषा:
वॅक्सऐवजी बीटीएमएस (तेल-पाणी जोडणारा दुसरा घटक) घ्या. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत माझे लोशन त्याच्यावर टिकून राहते आणि त्वचेला मखमली स्पर्शही येतो. मी सगळ्यांना हेच सुचवते.

जुना_लॅबवाला:
उषाताई, या कृतीत तो मोठा घोटाळा ठरेल. बीटीएमएस धनभारित आहे आणि उदासीन केलेला कार्बोमर ऋणभारित. दोन्ही एकत्र आले की गुठळ्या होतात. आपल्या लोशनमध्ये कार्बोमर नसणार, म्हणून ते जमते.

ग्वाल्हेरची_उषा:
कार्बोमर नाही, हे खरे. मग कार्बोमरच काढून टाकावा, असे माझे म्हणणे आहे.

रावपुरेकर:
दोष ब्लेंडरचा असावा. टीईए घालून कार्बोमर फुलल्यावर त्यात ब्लेंडर फिरवला तर त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि गेलेला घट्टपणा परत येत नाही. मी स्वतः हे अनुभवले आहे.

मृण्मयी_बडोदे:
टीईए घातल्यावर मी ब्लेंडर फिरवत नाही, स्पॅट्युलाने ढवळते. शिवाय साखळ्या तुटल्या असत्या तर क्रीम लगेच पातळ व्हायला हवे होते. माझे तर संध्याकाळपर्यंत घट्ट असते.

कायदेपंडित:
विक्रीसाठी क्रीम करणार असाल, तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. तो घरच्या स्वयंपाकघराला मिळत नाही. जागा, यंत्रसामग्री आणि पात्र तांत्रिक कर्मचारी यांच्या अटी आहेत. बरणीवरील मजकुराचेही नियम आहेत, हवे असल्यास सविस्तर लिहितो.

मृण्मयी_बडोदे:
मी काहीही विकत नाही. कृपया क्रीमबद्दल बोलू या.

जुना_लॅबवाला:
ताई, वॅक्स वाढवून उपयोग होणार नाही. सुटे तेल दिसत नाही, म्हणजे वॅक्स आपले काम करत आहे. ते थेंबांभोवती पडदा धरते, पण एवढ्या प्रमाणात थेंबांना जागच्या जागी अडवून धरणारी जाळी कार्बोमरची आहे. ती ढासळली की पाण्यापेक्षा हलके असलेले तेलाचे थेंब वर चढतात आणि खाली पाणी मोकळे होते. म्हणून प्रश्न असा की ही जाळी कशाने ढासळली. कार्बोमरला दोन गोष्टी अजिबात सोसत नाहीत: आम्लता आणि (मिठासारखे) क्षार. पीएच आपण पाहता. क्षारांचे काय? कृतीत अलीकडे एखादी वस्तू आली आहे का, मग ती ‘सगळेच घालतात’ या सदरातली का असेना? कोरफडीचा रस, निआसिनामाइड, व्हिटॅमिन, काहीही.

मृण्मयी_बडोदे:
व्हिटॅमिन सी घालते, ३ टक्के. तो मूळ कृतीचा भाग नाही, म्हणून लिहिला नव्हता. क्रीम गार झाल्यावर पाण्यात विरघळवून वरून घालते. आधी घालत नव्हते, अलीकडे सुरू केले. पण त्याने क्रीमचा रंग बदललेला नाही, पांढरेच आहे.

ग्वाल्हेरची_उषा:
व्हिटॅमिन सी आहे म्हणजे आम्ल आहे. पीएच घसरून कार्बोमर पातळ झाला, हे उघड आहे.

जुना_लॅबवाला:
तसे वाटते खरे, पण रंगाकडे पाहा. साधे एल-अॅस्कॉर्बिक आम्ल अशा क्रीममध्ये असते, तर ते हवेने ऑक्सिडाइज होऊन क्रीमवर पिवळसर झाक आली असती, पुढे तपकिरीही. शिवाय ३ टक्के आम्ल घातल्यावर पट्टीवर ६.५ टिकवण्यासाठी टीईएची बाटली हाताशी ठेवावी लागली असती. ताई, पाकिटावरचे पूर्ण नाव जसेच्या तसे लिहा.

मृण्मयी_बडोदे:
सोडियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट.

जुना_लॅबवाला:
मग गाठ सुटली. हा सोडियमचा क्षार आहे. कार्बोमरच्या साखळ्यांवरील ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून त्या फुलतात आणि पाणी घट्ट होते. सोडियम आयन त्या भारांना झाकतात आणि साखळ्या आक्रसतात. आपण तो शेवटी, आधीच दाटलेल्या क्रीममध्ये घालता. तो सगळीकडे पसरेपर्यंत वेळ जातो, म्हणून पातळपणा सकाळी दिसतो, असा माझा तर्क आहे. खात्री करायची असल्यास फक्त पाणी, कार्बोमर आणि टीईए यांचे साधे जेल करा. त्यातला एक चमचा स्टीलच्या ताटलीत काढा, त्यावर मिठाची चिमूट टाका आणि बोटाने फिरवा. त्यानंतर दुसऱ्या चमच्यावर आपली पावडर टाकून तेच करा.

रावपुरेकर:
तर मग कार्बोमर दुप्पट करावा. सोपे आहे.

जुना_लॅबवाला:
एवढ्या क्षारापुढे तो भरवशाचा उपाय नाही, आणि हाताला बुळबुळीत लागेल ते वेगळेच. त्याऐवजी झँथन गम (दाटपणा आणणारा डिंक) ०.३ टक्के घ्या, त्याला हा क्षार सोसतो. सोबत तेलाच्या भागात सिटाइल अल्कोहोल (मेणासारखा घट्ट पदार्थ) २ टक्के घातले की अंग भरेल. मात्र माझ्या मते मोठी चूक दुसरीकडे आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सोडियम बेंझोएट आम्लरूपात असतानाच जंतूंना रोखते. पीएच ४.२ ला त्याचा निम्मा भाग आम्लरूपात असतो, तर पीएच ७ ला हजारात जेमतेम दीड भाग. सॉर्बेटचेही थोड्याफार फरकाने हेच आहे. म्हणजे आपले क्रीम जवळजवळ विनासंरक्षण आहे, आणि बॅटरीचे पाणी क्षारमुक्त असले तरी जंतुमुक्त असेलच असे नाही.

इंदुरी_मावशी:
व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घाला. क्रीम खराब होत नाही.

जुना_लॅबवाला:
मावशी, व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवते. जीवाणू आणि बुरशी यांच्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

ग्वाल्हेरची_उषा:
मग पीएच ५ च्या खाली आणावा, बेंझोएटही चालेल.

जुना_लॅबवाला:
बेंझोएटसाठी योग्य, पण अॅस्कॉर्बिल फॉस्फेटसाठी घातक. ते ६.५ च्या वरच नीट टिकते, आम्लात त्याचे विघटन होते. या दोघांचे एका बरणीत जमणार नाही, एकाला निरोप द्यावा लागेल. माझी निवड अशी: व्हिटॅमिन ठेवायचे असेल तर फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक घ्यावे. त्याचे काम पीएचवर फारसे अवलंबून नसते, मात्र १ टक्क्याची कमाल मर्यादा ओलांडू नये. त्याच्या जोडीला डायसोडियम ईडीटीए ०.१ टक्का घातल्यास धातूंचे अंश बांधले जातात आणि व्हिटॅमिनलाही आधार मिळतो. पाहुण्यांसाठी करणार असाल तर मी व्हिटॅमिनच वगळेन आणि जुनी घडी कायम ठेवून फक्त परिरक्षक बदलेन, कारण नवी कृती तपासायला आपल्यापाशी वेळ नाही. घाईत निदान एक बरणी ४५ अंशांच्या आसपास आणि दुसरी फ्रीजमध्ये आलटूनपालटून ठेवून पाहा. त्याने दोष लवकर उघडे पडतात, पण दीर्घ चाचणीची जागा ते घेऊ शकत नाही.

मृण्मयी_बडोदे:
ताटलीवरचा प्रयोग आत्ताच केला. मिठाखाली जेलचे बघता बघता पाणी झाले आणि ताटली तिरपी करताच ओघळून कडेला गेले. पावडरनेही तसेच झाले. पाहुण्यांच्या बरण्या व्हिटॅमिनशिवाय आणि फिनॉक्सिइथेनॉल घालून करते. स्वतःसाठी मात्र व्हिटॅमिनचे हवेच आहे, म्हणून झँथन पाण्यात टाकून पाहिले, तर त्याचे मासळीच्या डोळ्यांसारखे गोळे झाले आणि ब्लेंडरनेही फुटेनात. हे झँथनच खराब आहे का?

ग्वाल्हेरची_उषा:
झँथन चांगले आहे. ते थेट पाण्यात टाकू नका. आधी त्या ४ टक्के ग्लिसरिनमध्ये कालवून पातळसर लगदा करा आणि तो पाण्यात ढवळत ढवळत सोडा. पंधरावीस मिनिटे फुगू द्या, मग तापवायला घ्या.

कायदेपंडित:
पाहुण्यांना भेट दिलेले क्रीम ‘वितरण’ या व्याख्येत येते का, हा प्रश्नही रंजक आहे. कोणाला रस असल्यास स्वतंत्र धागा काढतो.