मदत हवी आहे: लुकआउट माउंटन नेचर सेंटरला बाबांची पंचाहत्तरी, माणसं २५

ढोबळी_मिरची:
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या दक्षिणेला राहतो. आईबाबा जुलैच्या सुरुवातीला नगरहून येताहेत आणि तिसऱ्या शनिवारी बाबांना ७५ पूर्ण होतील. हॉल, केक, डीजे असलं काही त्यांना नकोय. "आवळीभोजन करू. आवळा नसला तर तिकडचं जे झाड असेल ते चालेल, पण झाडाखाली सतरंजी आणि पिठलं-भाकरी पाहिजे," असं फोनवर फर्मान निघालंय.

दोन वर्षांपूर्वी लेकीला घेऊन गोल्डनजवळच्या लुकआउट माउंटन नेचर सेंटरला गेले होते. उंच पॉन्डेरोसा पाईन, मधे गवताचं कुरण, चालायला सोपी वाट. तेव्हापासून ती जागा डोक्यात आहे. पण तेव्हा आम्ही तिघंच होतो, आता २५ जण होतील. त्यात आईचे गुडघे, काकूंचं बीपी, चार पोरं आणि दिरांचा लॅब्राडोर.

एवढ्या लोकांना तिथे बसता येईल का? आधी बुकिंग लागतं का? पिठलं तिथेच गॅसवर गरम करता येईल का? आणि आईबाबांना उंचीचा त्रास होईल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

पायवाट:
गोल्डनमध्ये राहतो, तिथे महिन्यातून एकदा तरी जाणं होतं. आधी वाईट बातमी: लॅब्राडोर घरी. त्या जंगलात कुत्र्यांना बंदी आहे, पट्टा बांधूनही नाही. दिरांना आत्ताच सांगून टाका.

झाडांखाली बाकं-टेबलं आहेत, चार-सहा माणसांनी डबा उघडायला झकास. पण २५ जणांची पंगत म्हणजे दुसऱ्या कुणाला जागाच उरणार नाही. ती जागा मुळात शांत बसून पक्षी ऐकायची आहे. शेजारीच १९१७ सालचं बेचर मॅन्शन आहे, कधीकाळी एका उद्योगपतीचा उन्हाळी बंगला होता तो. आता तिथे लग्नं लागतात. शनिवारी लग्न असलं की पार्किंगची मारामारी होते.

मी तुमच्या जागी असतो तर दिवसाचे दोन भाग केले असते. सकाळी नेचर सेंटर. प्रवेश फुकट आहे, आत पोरांना हात लावून बघण्यासारखं बरंच काही आहे आणि आईंना बसायला सावली आहे. जेवण मात्र जेनेसी पार्कला. ते डेन्व्हर माउंटन पार्क्सकडे येतं, तिथे मोठ्या गटांसाठी छप्पर असलेल्या जागा पैसे भरून राखून ठेवता येतात. जुलैचे शनिवार लवकर संपतात, आजच बघा. शिवाय जेनेसीला बायसनचा (इकडच्या रानगव्यांचा) कळप आहे, १९१४ पासूनचा. आय-७० महामार्गाच्या २५४ नंबरच्या एक्झिटला उतरलात की कुंपणापलीकडे दिसतात. कधीकधी कुठेतरी लांब जाऊन बसतात, मग पोरांची समजूत तुम्हीच काढायची.

सासुरवाडी_स्पेशल:
उंचीबद्दल सांगते, कारण आम्ही चूक करून बसलोय. मागच्या वर्षी सासरे आले, तिसऱ्याच दिवशी उत्साहाने त्यांना वर घेऊन गेलो. डेन्व्हरच ५,२८० फुटांवर, लुकआउट सात हजारांच्या वर, आणि माणूस चिपळूणहून आलेला! डोकं धरून बसले, जेवण समोर तसंच राहिलं. खाली आल्यावर दोन तासांत ठणठणीत. तुमचे आईबाबा तोवर दोन आठवडे इथे राहिलेले असतील, तो मोठा फायदा आहे. तरी काकूंच्या डॉक्टरांना आधी विचाराच. पाणी सतत पाजा आणि टोपी सक्तीची. ऊन थंड वाटतं, पण चटका मुंबईपेक्षा जोरात बसतो.

आणि गोल्डनकडून वर जाणारा वळणांचा रस्ता घेऊ नका. दिसायला देखणा आहे, पण ज्याला महाबळेश्वरच्या घाटात उलटी होते त्याला तिथेही होते. आय-७० ने २५६ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडा, बरंच सरळ पडतं.

चहाबाज:
पिठल्याचं मला माहीत नाही, चहाचं माहीत आहे. त्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी साधारण ९२ अंशांना उकळतं. चहा होतो, पण मिळमिळीत. घरून थर्मासमध्ये कडक करून न्या.

चिवड्याची पाकिटं वर पोचेपर्यंत उशीसारखी फुगतात. घाबरू नका, खराब झालेली नसतात.

पायवाट:
गॅसचं राहिलंच. जुलैत बऱ्याचदा कुठली ना कुठली फायर रिस्ट्रिक्शन (वणव्याच्या भीतीने आग पेटवण्यावर निर्बंध) लागू असते आणि ती बदलत राहते. त्या आठवड्यातला नियम काउंटीच्या साइटवर बघा आणि गॅस चालणार नाही असं धरूनच बेत आखा. पिठलं कॅसरोलमध्ये न्या, तीन तास गरम राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: जेवण साडेबाराच्या आत उरका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग बघता बघता येतात. गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना गाड्यांमध्ये बसवा. छपराखाली थांबलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण चारी बाजूंनी उघडी शेड विजेपासून वाचवत नाही.

आणि उरलेलं अन्न तिथे ठेवू नका. खार कितीही लाडिक चेहरा करो. तिथे कानांवर केसांचे झुबके असलेली खार दिसते, अबर्ट स्क्विरल. पोरं शेंगदाणे पुढे करतातच. अस्वलंही आहेत त्या भागात.

अर्धवटराव:
फक्त भाकरी कोण थापणार एवढं सांगा, मी येतो.

ढोबळी_मिरची:
@अर्धवटराव, भाकऱ्या आदल्या रात्री तीन घरांत मिळून थापायच्या ठरल्यात, तव्यासकट या.

सगळ्यांचे आभार. जेनेसीची एक शेड मिळाली, रविवारची. शनिवार आधीच गेला होता. बाबा म्हणाले, "वाढदिवस शनिवारी म्हणून जेवणही शनिवारीच हवं असं कुठे लिहिलंय?"

ढोबळी_मिरची:
झालं एकदाचं, म्हणून वृत्तान्त. साडेआठलाच नेचर सेंटरच्या वाटेवर होतो, इमारत उघडायच्या आधी. आई अर्धी वाट चालली आणि बाकावर बसली, खूश होती. एका बाईंनी बाबांना सांगितलं, पॉन्डेरोसाच्या सालीला नाक लावा. उन्हाने तापली की व्हॅनिलासारखा वास येतो. बाबा पाच मिनिटं झाडाला नाक लावून उभे. मग म्हणाले, "व्हॅनिला नाही, आटवलेलं दूध." त्यावर प्रत्येकाने हुंगून मत दिलं. काकूंचं मत बासुंदी, दिरांचं करपलेली बासुंदी.

बायसन दिसले, पण लांब. जेवण सव्वाबाराला संपलं, पहिला गडगडाट एक वाजून दहा मिनिटांनी, तेव्हा आम्ही सामान गाडीत भरत होतो. @पायवाट, तुमच्यामुळे भिजलो नाही. चिवडा खरंच फुगला, आणि धाकट्याने एक पाकीट बसून फोडलं.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी: सतरंजीखाली जाड प्लास्टिक घाला. पाईनच्या सुया साडीतूनसुद्धा टोचतात.