'बज' : हलणे, पण कुणी जोर लावल्यावर

'इट वुडन्ट बज' (It wouldn't budge) या इंग्रजी वाक्याचं मराठी बहुतेक वेळा 'ते हललं नाही' असं केलेलं दिसतं. अर्थ कळतो, पण मूळ शब्दातली झटापट त्यात उतरत नाही.

'बज' म्हणजे जागचं किंचित हलणं. मात्र त्याआधी कुणीतरी जोर लावलेला असावा लागतो. वाऱ्याने पान हललं तर इंग्रजीत 'स्टर' म्हणतील, 'बज' म्हणणार नाहीत. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण घ्या. फडक्याने धरून पिळलं, कडेने ठोकलं, गरम पाण्याखाली धरलं, तरी ते जागच्या जागी. इथे 'बज' चपखल बसतो, आणि मराठीत आपण सहज म्हणतो, 'ढिम्म हलेना'. हलेना, निघेना, उघडेना, सरकेना या रूपांत केलेला प्रयत्न आणि समोरच्याने दाद न देणं, दोन्ही एकाच शब्दात येतं. 'वुडन्ट'ला इतकं नेमकं रूप हाताशी असताना 'हललं नाही' लिहिणं मला तरी पटत नाही.

नकाराशी या शब्दाचं फार सख्य. होकारार्थी आलाच तर बहुधा बऱ्याच खटपटीनंतर येतो: 'इट फायनली बज्ड', म्हणजे 'हललं एकदाचं!' यातलं 'एकदाचं' गाळू नये, सगळा सुस्कारा त्यातच आहे.

शब्द इंग्रजीत आला तो सोळाव्या शतकात, फ्रेंच 'बूजे'वरून. फ्रेंचमध्ये आजही त्याचा अर्थ साधं हलणं असाच आहे. हट्टाची छटा इंग्रजीतली. 'बजेट'शी याचा संबंध नाही. ते चामड्याच्या पिशवीच्या फ्रेंच नावावरून आलं.

माणसाच्या मताबद्दल, मागणीबद्दल बोलताना मात्र 'हलेना' पुरत नाही. भावावर अडून बसलेल्याला 'एक पैसा कमी करेना' म्हणावं. भूमिकेवर ठाम असलेला 'तसूभरही मागे हटला नाही'. इंग्रजी 'नॉट अॅन इंच'ला हा 'तसूभर' फारच छान जुळतो, कारण तसू हेही लांबीचंच जुनं माप, गजाचा चोविसावा भाग. निश्चयाबद्दल असेल तर 'ढळला नाही'. 'ढिम्म' तिथे नको, त्यात निर्विकारपणा येतो, आणि ठाम माणूस निर्विकार असेलच असं नाही.

'बज अप' हा ब्रिटिश बोलीतला प्रयोग निराळा. बाकावर जागा करून द्यायला सांगताना तो वापरतात. त्यात ना हट्ट, ना नकार. फक्त 'सरका की जरा'. ओळखीतच शोभतो, परक्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणू नये.