मदत हवी आहे: नोकरीच्या अर्जातली पर्सनॅलिटी टेस्ट, तयारी नेमकी कशाची करायची?

नमस्कार मंडळी,

पदवीचं शेवटचं सत्र संपत आलंय आणि नोकरीचे अर्ज भरणं चालू आहे. ॲप्टिट्यूडचं टेन्शन नाही, सराव केला की ती जमते. अडलंय ते पुढच्या टप्प्यावर. दोन ठिकाणांहून मेल आलेत: ऑनलाइन व्यक्तिमत्त्व प्रश्नावली भरा, यात चूक-बरोबर काही नसतं, मोकळेपणानं उत्तरं द्या. चूक-बरोबर काही नसेल तर त्यावरून माणसं गाळतात कशी?

नमुना प्रश्न पाहिले. एका प्रकारात एक विधान आणि 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच पर्याय. हे निदान कळतं. दुसऱ्या प्रकारानं मात्र डोकं फिरवलं. तीन विधानं एकत्र येतात, साधारण अशी:

हातात घेतलेलं काम मी वेळेत संपवते.
अनोळखी लोकांशी मी सहज बोलते.
दुसऱ्याची अडचण मी नीट ऐकून घेते.

यातलं स्वतःला सर्वांत जास्त लागू पडणारं एक आणि सर्वांत कमी लागू पडणारं एक निवडायचं. तिन्ही चांगलीच आहेत की! पहिल्याला 'सर्वांत कमी' म्हटलं तर आळशी ठरणार, तिसऱ्याला म्हटलं तर माणूसघाणी. वर तेच विधान थोड्या वेळानं शब्द बदलून परत हजर. आधी काय उत्तर दिलं ते आठवत बसायचं का?

आणि सगळ्यांत मोठा घोळ म्हणजे सूचना: 'कामाच्या ठिकाणी तुम्ही कसे वागता ते डोळ्यांसमोर ठेवून उत्तर द्या.' अहो, मी अजून कुठे नोकरीच केलेली नाही! मैत्रिणींत मी अखंड बडबडते, वर्गात तोंड उघडत नाही. यातली कुठली मी धरायची?

एक मैत्रीण म्हणते, कंपनीला काय हवंय ते ओळख आणि तसंच ठोक. दुसरी म्हणते, खरं ते लिही, पुढचं पुढे. 'आदर्श उत्तरांची' पीडीएफ विकणाऱ्या जाहिरातीही दिसतायत. घ्यावी का? ज्यांनी अशा चाचण्या दिल्या आहेत किंवा भरतीच्या बाजूनं पाहिल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

पीडीएफवर एक पैसाही घालवू नका. भरतीच्या बाजूला बरीच वर्षं बसलोय म्हणून सांगतो, सगळ्या पदांना चालेल अशी उत्तरपत्रिका नसतेच.

माणसं गाळतात कशी, तर तुमची उत्तरं मोजपट्ट्यांवर मांडली जातात. बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी पाच घटकांचं प्रारूप असतं: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं आणि भावनिक अस्थिरता. प्रत्येक मोजपट्टीवर तुमची तुलना एका संदर्भ गटाशी, म्हणजे आधी ही चाचणी दिलेल्या लोकांशी, होते. गुण अनेकदा 'स्टेन' नावाच्या १ ते १० च्या श्रेणीत येतात, सरासरी ५.५, आणि सुमारे दोन तृतीयांश लोक ४ ते ७ मध्येच असतात. म्हणजे मधला आकडा दिसला की नापास, असं काही नाही. मग पदाला काय लागतं त्याच्याशी हे चित्र ताडून बघतात. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला तो काटेकोरपणा. त्याचाही कामगिरीशी संबंध बेताचाच, म्हणून शहाणी कंपनी नुसत्या या चाचणीवर निवड करत नाही.

तीन विधानांचा प्रकार मुद्दाम तसा रचलेला असतो. तिन्ही सारखीच गोड ठेवली की सगळीकडे 'मी उत्तमच' म्हणायची सोय उरत नाही. ओपीक्यू या प्रसिद्ध प्रश्नावलीच्या एका आवृत्तीत असे १०४ संच आहेत आणि त्यातून स्वभावाचे ३२ पैलू मोजले जातात. त्यामुळे एका संचात काटेकोरपणा खाली गेला म्हणून कोणी आळशी ठरत नाही. तोच पैलू पुढे वेगळ्या विधानांसोबत पुन्हा येतो, बेरीज शेवटी होते. विधानं फिरून येतात तीही बहुतेक याचसाठी. मागचं उत्तर आठवत बसाल तर दमाल. स्वतःबद्दल एकच चित्र मनात धरा, मेळ आपोआप बसतो.

सापळा म्हणावा तर एकच. 'मी कधीच कोणावर चिडत नाही' किंवा 'मी आजवर एकदाही उशीर केलेला नाही' असली विधानं दिसली की सगळ्यांना 'पूर्ण सहमत' ठोकत सुटू नका. उमेदवार स्वतःला किती रंगवतोय हे काही चाचण्या त्यावरून बघतात.

आता तुमचा खरा प्रश्न. नोकरी केली नसली तरी काम केलंय ना? गटानं केलेला प्रोजेक्ट, कॉलेजचा कार्यक्रम, इंटर्नशिप, लहान मुलांच्या शिकवण्या. मैत्रिणींतली तुम्ही नको आणि वर्गात गप्प बसणारीही नको. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री एकाचा भाग आलाच नव्हता, तेव्हा तुम्ही काय केलंत? फोन करून झापलंत, गुपचूप स्वतः लिहून काढलंत, की सगळ्यांना बोलावून कामं वाटून दिलीत? तुम्ही तिथे जशा वागलात तशी उत्तरं द्या. असे चार-पाच प्रसंग आधी कागदावर उतरवा. माझ्या मते तयारी म्हणतात ती हीच. हा कागद मुलाखतीतही कामाला येतो, कारण चाचणीचा अहवाल बऱ्याचदा समोरच्याच्या हातात असतो आणि 'तुम्हाला ठरल्याप्रमाणे काम आवडतं असं दिसतंय, आयत्या वेळी बदल झाला तेव्हा काय केलंत?' असा प्रश्न येतो. पीडीएफ पाठ करून आलेला उमेदवार इथे हमखास अडखळतो.

सराव हवाच असेल तर आयपीआयपी नावाचा प्रश्नसंग्रह सर्वांना मोफत खुला आहे. त्यावर बेतलेली १२० प्रश्नांची चाचणी ऑनलाइन देता येते.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. एक भर: चार अक्षरांत स्वभाव सांगणारी एमबीटीआय देऊन 'मी अमुक टाइप' म्हणत जाऊ नका. भरतीसाठी ती वापरू नये, असं ती चाचणी देणारी कंपनी स्वतःच म्हणते. आणि प्रश्नावली दिवसभराच्या दगदगीनंतर, बसमध्ये मोबाईलवर भरू नका. वेळेचं बंधन बहुधा नसतं, पण शेवटी शेवटी कंटाळून माणूस कुठेही टिचकी मारतो. मातृभाषेचा पर्याय असेल तर तोच घ्या.

धागाकर्ती

खूप आभार, प्रसंगांचा कागद आजच करते. एक शंका राहिली. मैत्रिणी सोडल्या तर मी अबोलच. बहिर्मुखता कमी आली तर पत्ता कट का? आणि अडचण नको म्हणून सगळीकडे मधलाच पर्याय निवडला तर?

प्रतिसाद

पद कुठलं त्यावर आहे. दिवसभर ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर फरक पडेल, आणि पडू द्या, अशा खुर्चीत तुम्हीच वैतागाल. हिशेब, सॉफ्टवेअर तपासणी, संशोधन, लेखन अशा कामांत अबोलपणा सहसा आड येत नाही. जाहिरातीतलं कामाचं वर्णन नीट वाचा, रोज काय करावं लागेल ते तिथे लिहिलेलं असतं. मधल्या पर्यायाचं म्हणाल तर खरोखर अधूनमधून तसं वागत असाल तिथे बिनधास्त निवडा. सगळीकडे तोच आला तर अहवालात तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही, मग वाचणारा तुमच्या बाजूनं बोलणार कशाच्या जोरावर? आणि निकाल काहीही लागो, अहवालाचा सारांश मिळेल का असं मेल करून विचारा. काही कंपन्या देतात.