मदत हवी आहे: रॅशनल एक्स्पेक्टेशन्स आणि मंडईतले भाव
नमस्कार मंडळी, एमए इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यातच, डिझर्टेशनमध्ये एका जागी अडकलेय. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकासचा 1972 चा पेपर वाचला, त्यात रॅशनल एक्स्पेक्टेशन्स धरलेत (लोक हाताशी असलेली सगळी माहिती वापरून पुढचा अंदाज बांधतात), म्हणजे पैशाचा पुरवठा वाढणार हे लोकांना आधीच कळलं तर ते भाव आणि पगार त्याच हिशोबाने धरतात आणि उत्पादन काही वाढत नाही, अनपेक्षित वाढ झाली तरच थोडे दिवस फरक पडतो. इथपर्यंत पटतं.

पण रिझर्व्ह बँकेचं महागाईचं टार्गेट 2016 पासून 4 टक्के, आणि त्यांच्याच सर्व्हेत घरोघरी लोक महागाईचा अंदाज त्याहून बराच जास्त सांगतात, असं का? मी मंडईत जाऊन विचारलं तर एक मावशी कोथिंबिरीची जुडी पुढे धरून म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात 10 ला होती, आज 25, पुढच्या वर्षीचं काय सांगू बाई?" मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. मागचा भाव बघून अंदाज बांधणं म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्हच ना? की हाताशी जेवढी माहिती आहे तेवढ्यात त्या रॅशनलच आहेत?

सर्व्हे डेटावर हे टेस्ट कसं करायचं, कोणी केलंय का? प्लीज सांगा, डेक्कनला कुठेही भेटायला येईन, चहा माझ्याकडून.