शब्दचर्चा : 'ट्यूअर्ट'ला निलगिरी म्हणावं का?

स्वानकाठची
इथे ऑस्ट्रेलियात, पर्थच्या मराठी शाळेतल्या मुलांना घेऊन पुढच्या महिन्यात दक्षिणेला लडलोच्या जंगलात जाणार आहोत. त्यासाठी दोन पानांचं माहितीपत्रक लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडले. झाडाचं नाव ट्यूअर्ट, शास्त्रीय नाव यूकॅलिप्टस गॉम्फोसेफाला. मी 'किनारी निलगिरी' लिहिलं. नवऱ्याला त्यात साडीची किनार दिसते. 'तटीय' मला सरकारी वाटतं. 'सागरी निलगिरी' तर बोटीचं नाव शोभेल. काय लिहू? आणि 'गॉम्फोसेफाला'चा अर्थ कुणी सांगेल का? मुलं विचारणारच.

माझगावकर
बोट आहेच की. आयएनएस निलगिरी. एक १९७२ साली नौदलात आली, दुसरी २०२५ साली, दोन्ही आमच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. तेव्हा ते नाव गेलं.

पारंबी
आधी अर्थ सांगते, नावाचं भांडण मग करू.

'यूकॅलिप्टस' हे ग्रीक शब्दांवरून घडवलेलं नाव, १७८८ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिये यांनी दिलेलं. 'यू' म्हणजे चांगलं, आपल्या 'सु'चाच सख्खा भाऊ. 'कॅलिप्टोस' म्हणजे झाकलेलं. नीट झाकलेलं ते यूकॅलिप्टस. झाकलेलं काय, तर कळी. या झाडांच्या फुलाला वेगवेगळ्या पाकळ्या दिसत नाहीत. त्या एकमेकींना चिकटून त्यांची टोपी झालेली असते. फूल उमलायची वेळ झाली की टोपी गळून पडते आणि आतून केसरांचा झुबका बाहेर येतो. आपण ज्याला फूल म्हणतो तो हा झुबका.

हे बघायला पर्थला जायला नको. जांभूळ याच कुळातलं. जांभळाच्या पाकळ्याही एकत्र चिकटून टोपीसारख्या गळतात. मोहराच्या दिवसांत झाडाखाली नीट बघा, चिमुकल्या टोप्या सापडतील. लवंगही त्याच घराण्यातली. लवंगेचा वरचा गोल मणी म्हणजे न उमललेल्या पाकळ्याच. जुनी लवंग डब्यात बोडकी का होते ते कळलं ना?

आता 'गॉम्फोसेफाला'. 'गॉम्फोस' म्हणजे मेख, खुंटी, विशेषतः जहाजाच्या फळ्या जोडायची. 'केफाले' म्हणजे डोकं. ट्यूअर्टच्या कळीची टोपी अर्धगोल आणि खालच्या पेल्यापेक्षा रुंद असते, डोकं बाहेर काढून बसलेल्या मेखेसारखी. एका देठावर अशा सात कळ्या. झाड ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच, म्हणून १८२८ साली द कांदोल यांनी नावातच ती घातली. मुलांना सांगायचं तर, 'लठ्ठ लवंग' म्हणा. किंवा अळंबी.

खोडसाळ
केफाले म्हणजे कपाळ! ग्रीक लोक शेवटी आपलेच.

पारंबी
खोडसाळ, नाही हो. कानाला जुळे वाटले तरी ते वेगळ्या मुळांचे शब्द आहेत. खरं नातं दुसऱ्या अर्ध्यात आहे, जिथे ते ऐकूच येत नाही. 'गॉम्फोस' आणि संस्कृत 'जम्भ' एकाच मुळाचे. जम्भ म्हणजे दात, दाढ, जबडा. मेख लाकडात रुतते तशी दाढ हिरडीत, एवढाच काय तो दुवा. शिवजयंतीला स्पीकरवर इंद्राबरोबर ज्या जंभाचं नाव दणाणतं, ते या शब्दासारखंच नाव. त्या असुराला मारला म्हणून इंद्र 'जंभारी'.

खोडसाळ
म्हणजे झाडाचं नाव जंभशिरा. मी माघार घेतो, पण हे नाव देऊन.

तळकोकणी
'किनारी'ला आमच्याकडचा शब्द घ्या ना. पुळण. 'पुळणीवरची निलगिरी'. ऐकतानाच पायाला वाळू लागते.

स्वानकाठची
पुळण सुंदर आहे, पण इथे चुकेल. पुळणीवर म्हटलं की मला गुहागरचा सुरू दिसतो, लाटेच्या तुषारांत उभा. ट्यूअर्ट तसा पाण्यात पाय घालून उभा राहत नाही. तो वाळूच्या टेकड्यांच्या मागे, चुनखडीवर आणि चुन्याच्या जुन्या वाळूत वाढतो. उत्तरेला ज्युरियन बेपासून दक्षिणेला बसल्टनपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी, तेवढंच त्याचं जग. आत डोंगराकडे गेलात की माती बदलते आणि ट्यूअर्ट संपतो.

झाड दिसायला कसं, तेही लिहिते, शब्द सुचायला मदत होईल. दक्षिणेकडे तीसेक मीटर सहज, क्वचित ४०. उत्तरेकडे कोरड्या भागात बुटकं. पांढऱ्या सालीची गुळगुळीत निलगिरी आपल्या डोळ्यांत बसलेली असते. याची साल मात्र राखाडी, खरबरीत, तंतुमय, आणि ती खोडापासून बारीक फांद्यांपर्यंत तशीच राहते, सोलून पडत नाही. पानं चकचकीत हिरवी, किंचित वाकलेली. फुलं पांढरी, इथल्या उन्हाळ्यात, जानेवारी ते एप्रिल. लाकूड फिकट पिवळं आणि भयंकर जड, रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे फुटत नाही. पूर्वी रेल्वेच्या वाघिणींचे सांगाडे आणि जहाजांचे तळकणे याचे करत. (पारंबीताईंची जहाजाची मेख वाचून हसूच आलं.)

तळकोकणी
चुनखडी म्हणता? मग आमच्या जांभ्यात नाही टिकायचा हा जंभशिरा. पुळण मागे घेतली.

कारकून
मुळात 'निलगिरी'च नको, असं माझं मत. निलगिरी म्हणजे डोंगर. १८४३ पासून तिथे ही झाडं लावली, तिथलं तेल बाटलीतून घरोघरी पोचलं, म्हणून डोंगराचं नाव झाडाला आणि तेलाला. समुद्रसपाटी न सोडणाऱ्या झाडाला डोंगराचं नाव कसं द्यायचं? शिवाय डोंगर लिहिताना 'नीलगिरी' आणि तेल लिहिताना 'निलगिरी', असा ऱ्हस्वदीर्घाचा घोळ आहेच.

पारंबी
कारकूनसाहेब, तुमच्या न्यायाने खऱ्या निलगिरीचंही नाव काढून घ्यावं लागेल. उटीला लावली ती यूकॅलिप्टस ग्लोब्युलस, ब्लू गम. तिचं माहेर टास्मानिया आणि व्हिक्टोरियाचा दक्षिण भाग, तिकडे ती समुद्रकाठीही वाढते. म्हणजे तीही मूळची किनाऱ्याचीच, डोंगरावर आपण नेली. आणि तेलाच्या वाफेमुळे डोंगर निळे दिसतात म्हणून नीलगिरी, असं जे सहलीत सांगतात ते साफ उलटं आहे. डोंगराचं नाव झाड येण्याच्या शेकडो वर्षं आधीचं.

पण तुमचा विरोध मला वेगळ्या कारणासाठी पटतो. आपण 'निलगिरी' म्हणतो तेव्हा सातशेच्या वर जातींचं एकच झाड करून टाकतो. महाराष्ट्रात बांधावर दिसते ती बहुतेक म्हैसूर गम, उटीची वेगळी, आणि ट्यूअर्ट आणखीनच वेगळा. कुळाचं नाव म्हणून निलगिरी ठेवावं, जातीचं नाव म्हणून नाही. 'आंबा' हा शब्द ठेवून 'पायरी' म्हणतोच की आपण.

कारकून
मान्य. मग पायरी कोणती?

पारंबी
'मेखमाथी' असं मनात आलं होतं. घडवलेला शब्द म्हणून वाईट नाही, पण तो एका ग्रीक नावाचा मराठी अनुवाद, आणि झाडाला तर त्याच्या गावचं नाव आहेच. 'ट्यूअर्ट' हा इंग्रजांचा शब्द नाही, तिथल्या मूळ रहिवाशांचा, नूंगार लोकांचा आहे. वसाहतवाल्यांनी तो फक्त उचलला. मी तरी ट्यूअर्टच ठेवीन.

स्वानकाठची
पर्थमध्ये ट्यूअर्ट हिल नावाचा भाग आहे, मुलांच्या कानावरून ते नाव रोज जातं. हा मुद्दा मला सुचायला हवा होता. आता ओळ अशी: 'ट्यूअर्ट हे निलगिरीच्या कुटुंबातलं, समुद्रालगतच्या चुनखडीवर वाढणारं झाड.' मेखमाथी कळीच्या चित्राखाली लिहीन, लवंगेच्या चित्राशेजारी.

एक वाक्य लिहायला जड गेलं. यालगोरपच्या उद्यानात नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ही झाडं मोठ्या प्रमाणावर वाळत गेली. २०१९ मध्ये इथल्या केंद्र सरकारने ट्यूअर्टच्या वनांना 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' ठरवलं. 'अतिसंकटग्रस्त' लिहिलं तर आठ वर्षांच्या मुलाला कळेल का?

तळकोकणी
'अगदी थोडी उरलेली' लिहा.

माझगावकर
आणि उच्चार? ट्यूअर्ट की तुआर्ट?

स्वानकाठची
इथल्या तोंडी 'च्यूअट' ऐकू येतं. लिहिताना ट्यूअर्टच ठेवते, बाकी मुलं मलाच सुधारतील.